विश्लेषण : वाफ द्रवावर बसते आणि प्लास्टिकचा पापुद्रा तयार होतो... सॉल्व्हेंटविना पॉलिमर बनवण्याचे हे तंत्र काय आहे?

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या शेजारी राहणाऱ्या नेरूळकरांना रसायनांची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. वारा पडलेल्या रात्री खिडकीतून येणारा थिनरसारखा उग्र वास आणि सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘काल कोणाकोणाला वास आला?’ हा प्रश्न, दोन्ही जुनेच. असा वास ज्या रसायनांचा असू शकतो त्यात एक मोठा गट द्रावकांचा, म्हणजे रोजच्या भाषेत सॉल्व्हेंटचा असतो. रंग, चिकटद्रव्ये, वेष्टनावरची छपाई, गोळ्यांवरचे लेप अशा असंख्य ठिकाणी पॉलिमर सॉल्व्हेंटमध्ये विरघळवून पसरवला जातो आणि मग सॉल्व्हेंट उडवून दिला जातो. पॉलिमर वस्तूवर राहतो. सॉल्व्हेंट एकतर पकडून पुन्हा वापरला जातो, नाहीतर हवेत जातो.

हा मधला गडी वगळून पॉलिमरचा थर देता येईल का? येतो. पॉलिमर थेट वाफेतून उगवता येतो, आणि गेल्या दीड-दोन दशकांत तो चक्क द्रवाच्या पृष्ठभागावर उगवण्याचे तंत्रही विकसित झाले आहे. तेलाच्या किंवा एका खास प्रकारच्या द्रवरूप मिठाच्या थरावर वाफ सोडायची आणि त्यावर दुधावरच्या सायीसारखा प्लास्टिकचा पापुद्रा धरू द्यायचा, असा हा प्रकार आहे. मात्र कधी पापुद्रा धरतो, तर कधी नुसते बारीक कण तयार होतात. असे का होते, याचे उत्तर मिसळीच्या तर्रीत आणि पुण्याच्या एका जुन्या संशोधनात सापडते.

सॉल्व्हेंट लागतोच कशाला?

पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची लांबलचक साखळी. त्या लहान रेणूला मोनोमर म्हणतात. साखळी एकदा तयार झाली की ती इतकी जड होते की तिची वाफ करता येत नाही. तापवत गेलो तर उकळण्याआधीच ती तुटते, जळते. त्यामुळे तयार पॉलिमर पसरवायचा तर दोनच मार्ग उरतात. एक तर वितळवा, नाहीतर विरघळवा. नेलपॉलिश हे विरघळवण्याचे सगळ्यांत ओळखीचे उदाहरण. बाटली उघडल्यावर येणारा वास सॉल्व्हेंटचा आणि नखावर उरतो तो पॉलिमरचा पापुद्रा.

या पद्धतीच्या अडचणी वासापुरत्या नाहीत. ओला लेप वाळताना कोपऱ्यांत ओढला जातो, उंचवट्यांवर पातळ पडतो. कागद, कापड किंवा सच्छिद्र गाळणी यांवर तो लावला तर छिद्रेच बुजतात. थोडा सॉल्व्हेंट थरात अडकून राहतो आणि ती वस्तू शरीरात बसवायची असेल तर तेवढाही चालत नाही. टेफ्लॉनसारखे काही पॉलिमर तर नेहमीच्या कुठल्याच सॉल्व्हेंटमध्ये विरघळत नाहीत.

वाफेचा मार्ग कसा असतो?

कुकरचे झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसतात. वाफ थंड पृष्ठभागाला भेटली आणि तिथे बसली. धातूच्या बाबतीत हेच निर्वात पेटीत, म्हणजे हवा काढून घेतलेल्या पेटीत, केले जाते. चिप्सच्या पाकिटाच्या आतली चकाकी बहुतेक वेळा अशीच आलेली असते. निर्वातात अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून ती प्लास्टिकच्या पळत्या फिल्मवर बसवतात. हा थर साधारण ३० ते ५० नॅनोमीटरचा असतो. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी. (पॅकेजिंगचे शिक्षण देणारी एसआयईएस स्कूल ऑफ पॅकेजिंग नेरूळमध्येच आहे. तिथल्या विद्यार्थ्यांसाठी यात नवे काही नाही.) हा मजकूर तुम्ही ज्या फोनवर वाचत आहात त्याचा पडदा ओएलईडी असेल, तर त्यातले प्रकाश देणारे सेंद्रिय थरही बहुधा निर्वातात वाफ करून बसवलेले आहेत.

पॉलिमरची वाफ होत नाही, पण मोनोमरची होते. म्हणून युक्ती अशी की सुटे मणी वाफेच्या रूपात पाठवायचे आणि माळ मुक्कामाच्या जागी ओवायची. म्हणजे इथे वाफ नुसती थिजत नाही, पृष्ठभागावर रासायनिक अभिक्रिया होते.

याचे सगळ्यांत जुने यशस्वी उदाहरण पॅरिलीन. मायकेल श्वार्त्स यांना १९४७ मध्ये मँचेस्टर येथे हा पदार्थ आढळला आणि अमेरिकेतल्या युनियन कार्बाइडमध्ये विल्यम गोरहॅम यांनी १९६०च्या दशकात त्याची वापरण्याजोगी पद्धत बसवली. यात एक घन पदार्थ सुमारे १५० अंश सेल्सियसला वाफेत जातो, ती वाफ साडेसहाशे अंशांच्या पुढे तापलेल्या नळीतून जाताना तुटून दोन सक्रिय तुकडे होतात आणि ते तुकडे खोलीच्या तापमानाला असलेल्या वस्तूवर बसताक्षणी एकमेकांना जोडले जातात. पेसमेकर, स्टेंट, इलेक्ट्रॉनिक सर्किट यांवर पॅरिलीनचा लेप अनेक वर्षांपासून दिला जातो. दमट हवेत सर्किट टिकवायचे तर असा अखंड, कानाकोपऱ्यात पोहोचलेला लेप फार उपयोगी पडतो.

दुसरी पद्धत त्या मानाने अलीकडची. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत कॅरेन ग्लीसन यांच्या गटाने ती विकसित केली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन तिला ‘आयसीव्हीडी’ म्हणतात. यात मोनोमरच्या जोडीला आणखी एक वाफ सोडतात, ती आरंभकाची. पेटीत वर तारांची जाळी असते, साधारण २०० ते ३०० अंशांना तापलेली. एवढ्या उष्णतेने आरंभकाचा कच्चा दुवा तुटतो, मोनोमर मात्र शाबूत राहतो. आरंभकाचे तुटके तुकडे खाली येऊन थंड पृष्ठभागावर टेकलेल्या मोनोमरला चिकटतात आणि साखळी सुरू होते. खालचा पृष्ठभाग खोलीच्या तापमानाच्या आसपासच ठेवलेला असल्याने टिश्यू पेपरवरसुद्धा लेप देता येतो. तो ना भिजतो, ना जळतो. पेटीतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण हजारावा भाग किंवा त्याहून कमी असतो.

मग द्रव कशाला आणायचा?

सॉल्व्हेंट नको म्हणून वाफेकडे वळलो आणि पुन्हा द्रव आणला, हे वरवर उफराटे वाटते. फरक असा की इथे द्रव पॉलिमर विरघळवण्यासाठी किंवा उडवून देण्यासाठी नसतो. तो पाटासारखा खाली असतो आणि काम झाल्यावर जागेवरच राहतो.

द्रवाचा पहिला फायदा साय उचलणाऱ्या कोणालाही समजेल. भांड्याच्या तळाला धरलेली खरवड खरवडून काढावी लागते, वरची साय अलगद निघते. काचेवर किंवा सिलिकॉनच्या चकतीवर तयार केलेला शंभर-दोनशे नॅनोमीटरचा पापुद्रा सोलून काढणे फार जिकिरीचे असते, तो हमखास फाटतो. द्रवावर असेल तर कडा सोडवून उचलता येतो. दुसरा फायदा म्हणजे द्रवाचा थेंब सगळ्या बाजूंनी पापुद्र्यात गुंडाळता येतो, म्हणजे द्रव भरलेली प्लास्टिकची पिशवी शिवणीविना तयार होते. तिसरी गोष्ट तर घन पृष्ठभागावर शक्यच नाही. मोनोमर द्रवात मुरणारा असेल तर साखळ्या केवळ वर नाही, आतही तयार होतात आणि द्रवाचाच लवचिक जेल होतो.

पण एक मोठी अडचण आहे. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. नेरूळला पाणी १०० अंशांना उकळते, महाबळेश्वरला ९५ अंशांच्या आसपास. आयसीव्हीडीच्या पेटीतल्या दाबाला तर पाणी खोलीच्या तापमानालाच खदखदू लागेल आणि वाफ होऊन पंपात जाईल. त्यामुळे पाणी बाद, अल्कोहोल बाद, नेहमीचे सगळे सॉल्व्हेंटही बाद. उरतात ते जवळजवळ न उडणारे द्रव. त्यातला एक सिलिकॉन तेल. दुसरा गट ‘आयनिक द्रवां’चा. हे खरे तर क्षारच, म्हणजे मिठाचे भाऊबंद. पण त्यांचे आयन इतके बेढब आणि मोठे असतात की ते स्फटिकात नीट रचले जात नाहीत, म्हणून खोलीच्या तापमानालाही द्रवच राहतात. मीठ जसे उघड्यावर ठेवले तरी उडून जात नाही, तसेच हे द्रव निर्वातातही जवळपास उडत नाहीत.

टोकियो विद्यापीठात बिन्ह-खिएम, मात्सुमोतो आणि शिमोयामा यांनी २००८ मध्ये पॅरिलीन द्रवावर बसवून दाखवले. तेलाच्या थेंबावर पॅरिलीनचा पारदर्शक पापुद्रा धरला की थेंब जागच्या जागी बंद होतो. पापुद्रा ताणला की थेंबाचा फुगीरपणा बदलतो आणि त्याबरोबर नाभीय अंतरही, म्हणजे तयार झाले फोकस बदलणारे इवलेसे भिंग. आयसीव्हीडीची वाफ द्रवावर सोडण्याचे काम दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात मालंचा गुप्ता यांच्या गटाने केले. गुप्ता या ग्लीसन यांच्याच विद्यार्थिनी. आयनिक द्रवावरच्या प्रयोगांचा त्यांच्या गटाचा पहिला शोधनिबंध २०११चा आणि पुढच्याच वर्षी आयनिक द्रवाचे थेंब पॉलिमरच्या कवचात बंद करण्याचे काम प्रसिद्ध झाले.

पापुद्रा की कण, हे कोण ठरवते?

या तंत्राचा खरा गाभा इथे आहे. मिसळीची वाटी समोर घ्या. तर्री रश्श्यावर सलग पसरत नाही, तिचे लहानमोठे गोल ठिपके तरंगतात. आता त्याच वाटीत साबणाचा एक थेंब पडला तर (पडू नये, पण समजा) तो क्षणात कडेपर्यंत पसरेल. एकाच पृष्ठभागावर एक द्रव्य गोळा होऊन बसते, दुसरे धावत सुटते. कारण पृष्ठताण.

द्रवाच्या आतल्या रेणूला सगळ्या बाजूंनी शेजारी असतात, वरच्या थरातल्या रेणूला वरच्या बाजूला कोणी नसते. त्यामुळे पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो आणि आकसू पाहतो. पाण्याचा हा ताण सामान्य द्रवांमध्ये बराच जास्त, सुमारे ७२ एकक (मिलीन्यूटन प्रति मीटर). अनेक आयनिक द्रवांचा ३० ते ५०च्या घरात. सिलिकॉन तेलाचा जेमतेम २१. आता या पृष्ठभागावर पॉलिमरचा कण जन्माला आला की रस्सीखेच सुरू होते. एका बाजूला द्रवाचा ताण, तो कणाला सगळीकडून ओढून पसरवू पाहतो. दुसऱ्या बाजूला पॉलिमरचा स्वतःचा पृष्ठताण आणि पॉलिमर-द्रव यांच्या सीमेवरचा ताण, हे दोघे मिळून त्याला गोळा करू पाहतात. द्रवाची ओढ भारी पडली तर पॉलिमर पसरतो, शेजारच्या ठिपक्याला मिळतो आणि सलग पापुद्रा धरतो. ती कमी पडली तर कण कणच राहतो. सिलिकॉन तेलासारखा कमी ताणाचा द्रव तर कणाभोवती स्वतःच चढतो आणि त्याला आत ओढून घेतो. मग पृष्ठभाग पुन्हा मोकळा होतो आणि तिथे नवे कण जन्मतात.

म्हणून एकच मोनोमर, तीच पेटी, तेच तापमान ठेवून केवळ खालचा द्रव बदलला तरी हाती वेगळी वस्तू येते. आयनिक द्रवावर पापुद्रा देणारा पॉलिमर सिलिकॉन तेलावर कणांचे पीक देऊ शकतो. कणांचा आकारही काही प्रमाणात हातात असतो. तेल दाट असेल तर कणांची हालचाल मंदावते, एकमेकांना भेटून मोठे होण्याची संधी कमी मिळते आणि ते लहान राहतात. दिवाळीत पाण्यावरची रांगोळी काढणाऱ्यांना हा खेळ नवा नाही. भुकटी कोणती आणि पाण्यावर आधी काय शिंपडले यावर सगळी रेघ अवलंबून असते.

वाफेचा वेगही महत्त्वाचा. हळूहळू येणाऱ्या पॉलिमरला पसरायला, मुरायला वेळ मिळतो. घाई केली तर नीट जुळवून घेण्याआधीच वरून नवा माल येऊन पडतो आणि आधीची मांडणी तशीच थिजते. स्वयंपाकघरातल्या आणि प्रयोगशाळेतल्या आचेत फार फरक नाही.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

द्रवावरचा पापुद्रा पसरतो की गोळा होतो, या प्रश्नाशी महाराष्ट्राची गाठ जुनी आहे आणि ती पाणीटंचाईमुळे पडली. तलावाच्या पाण्यावर सेटिल अल्कोहोलसारख्या मेणचट पदार्थाचा एका रेणूइतका पातळ थर पसरवला तर बाष्पीभवन कमी होते, हे १९५०च्या दशकात ऑस्ट्रेलियात मोठ्या प्रमाणावर तपासले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही, म्हणजे एनसीएलमध्ये, यावर काम झाले. देव, कुलकर्णी, घारपुरे आणि बिस्वास यांचा १९६२चा शोधनिबंध नेमका याच मुद्द्यावर आहे. असे पदार्थ पाण्यावर किती वेगाने पसरतात आणि पसरून झाल्यावर किती दाबाने टिकून राहतात, याची त्यांनी मोजमापे केली. सेटिल अल्कोहोलच्या कुळातल्या पदार्थांबरोबर त्यांनी अल्कॉक्सी इथेनॉल हा गटही तपासला.

हे थर पॉलिमरचे नव्हते आणि वाफेतूनही आले नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवे. पण रस्सीखेच तीच. पाण्याच्या ओढीने पदार्थ पसरतो, पृष्ठभाग भरला की थांबतो. धरणावर या युक्तीची मोठी पंचाईत वाऱ्यामुळे झाली. सुटे रेणू एकमेकांना बांधलेले नसल्याने वारा सुटला की थर एका काठाला ढकलला जातो आणि पुन्हा पुन्हा टाकावा लागतो. रेणू एकमेकांना जोडून पॉलिमर केला तर थर पक्का होईल, हे खरे. पण मग धरणावर प्लास्टिकचा पापुद्रा पडेल. ते मोरबे धरणाचे पाणी पिणाऱ्या नवी मुंबईकरांना नको असेल आणि धरणातल्या माशांनाही.

दुसरा धागा अधिक जवळचा, थेट स्वयंपाकघरातला आहे. आरओ प्युरिफायरच्या पांढऱ्या नळकांड्यात गुंडाळलेला जो पडदा असतो, त्याचे खरे काम करणारा थर जेमतेम १०० ते २०० नॅनोमीटरचा असतो आणि तो दोन द्रवांच्या सीमेवरच जन्माला येतो. एक घटक पाण्यात, दुसरा पाण्यात न मिसळणाऱ्या सॉल्व्हेंटमध्ये. दोन्ही भेटतात त्या रेषेवर क्षणार्धात पॉलिअमाइडचा पापुद्रा धरतो आणि तोच पुढची भेट रोखतो, त्यामुळे आपोआप पातळ राहतो. अमेरिकेत जॉन कॅडॉट यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत आरओसाठी यशस्वी केली. नेरूळहून खाडीपलीकडे असलेल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पाणी शुद्ध करणाऱ्या पडद्यांवर अनेक वर्षे काम सुरू आहे. एनसीएलमध्येही राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१७ मध्ये पाणी आणि एका सेंद्रिय द्रवाच्या सीमेवर स्फटिकासारखी नियमित छिद्रे असलेले पातळ पडदे तयार केल्याचे प्रसिद्ध केले.

म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग कारखान्यासारखा वापरण्याची कल्पना इथे परकी नाही. फरक असा की आरओच्या पद्धतीत दोन्ही बाजूंना द्रव असतात आणि त्यातला एक सॉल्व्हेंट असतो. नव्या तंत्रात वरच्या द्रवाची जागा वाफ घेते.

याचा उपयोग कुठे होऊ शकतो?

सर्वांत सरळ उपयोग सुट्या, अतिपातळ पापुद्र्यांचा आहे. गाळणीचे पडदे, संवेदकांवरचे आवरण, लवचिक इलेक्ट्रॉनिक्स. पापुद्र्याची खालची बाजू द्रवाला चिकटून वाढते, वरची वाफेकडे तोंड करून. त्यामुळे दोन्ही बाजूंचे गुण वेगळे ठेवता येतात, एक पाणी धरणारी आणि दुसरी झटकणारी. दुसरा उपयोग जेलचा. बॅटरीत वीज वाहून नेणारा द्रव सांडला, गळला तर धोका असतो. आयनिक द्रव वीज वाहतो आणि सहज पेट घेत नाही. त्यातच पॉलिमरच्या साखळ्या विणून त्याला घट्टपणा दिला तर न सांडणारा विद्युतवाहक मिळतो. तिसरा उपयोग कणांचा, विशेषतः औषध शरीरात हळूहळू सोडण्यासाठी. कण बनवण्याच्या नेहमीच्या पद्धतींत पृष्ठसक्रिय पदार्थ, म्हणजे साबणासारखी द्रव्ये लागतात आणि ती नंतर धुऊन काढण्याचा व्याप असतो. इथे तो टळतो. मात्र कणांवरचे तेल काढण्याचा व्याप उरतोच. प्रयोगांच्या वर्णनांत तो एका ओळीत उरकलेला असतो, कारखान्यात त्यासाठी वेगळा विभाग लागेल.

आजघडीला यातले बहुतेक उपयोग प्रयोगशाळेच्या टेबलावर आहेत. घन वस्तूंवर वाफेतून लेप देण्याचा धंदा चांगला चालतो. द्रवावर पापुद्रा धरून विकण्याचा अजून तसा नाही. अडचण वेगाची आणि आकाराची आहे. चिप्सच्या पाकिटाची फिल्म रिळावरून मिनिटाला शेकडो मीटर पळते आणि धातूचा थर घेऊन दुसऱ्या रिळावर जाते. द्रव रिळावर गुंडाळता येत नाही. तो सपाट ताटात, धक्का न लागता ठेवावा लागतो, पेटी बंद करून हवा काढावी लागते आणि थर मिनिटाला काही दहा ते काही शे नॅनोमीटर या गतीने चढतो. उचलताना जरा हिसका बसला की इतक्या पातळ पापुद्र्याला सुरकुत्या पडतात.

सॉल्व्हेंट नाही म्हणजे प्रदूषणही नाही का?

‘सॉल्व्हेंटविना’ हा शब्द जाहिरातीत फार चांगला दिसतो, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

पहिली गोष्ट, मोनोमर स्वतः निरुपद्रवी नसतात. अ‍ॅक्रिलेट कुळातल्या अनेक मोनोमरना तिखट वास असतो आणि ते त्वचेला, डोळ्यांना त्रास देतात. पेटीत सोडलेल्या वाफेतला एक भागच पॉलिमर होतो, बाकीची पंपाकडे ओढली जाते. ती अतिथंड सापळ्यात थिजवून पकडावी लागते आणि सापळा भरला की त्यातल्या ऐवजाची रीतसर विल्हेवाट लावावी लागते. हे कोणी टाळले तर वासाची तक्रार तशीच राहील, फक्त वास बदलेल.

दुसरी, पाणी झटकणाऱ्या लेपांसाठी लोकप्रिय असलेले मोनोमर फ्लोरिनच्या लांब साखळ्यांचे असतात. ही पीएफएएस कुळातली द्रव्ये. निसर्गात ती जवळपास मोडतच नाहीत आणि त्यामुळेच त्यांच्यावर अनेक देशांत निर्बंध येत आहेत. पाण्यावर उत्तम पसरणारे आणि फोनला पावसापासून वाचवणारे द्रव्य नेमके हेच असावे, हा या क्षेत्राचा दुर्दैवी योगायोग आहे. फ्लोरिनशिवाय तसाच गुण आणण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

तिसरी गोष्ट आयनिक द्रवांची. ते उडत नाहीत म्हणून त्यांना बरेच वर्षे सरसकट ‘हिरवे’ म्हटले गेले. न उडणे आणि निरुपद्रवी असणे यात अंतर आहे. काही आयनिक द्रव जलचरांना विषारी आहेत. त्यात वापरला जाणारा हेक्झाफ्लोरोफॉस्फेट हा आयन पाण्याच्या सान्निध्यात विघटित होऊन हायड्रोजन फ्लोराइडसारखे घातक द्रव्य सोडू शकतो. शिवाय ते महाग असतात. महाग असण्याचा एक फायदा मात्र आहे. टोल्युइनचा पिंप उडून गेला तरी ज्या हिशेबात तो बसून जातो, त्या हिशेबात आयनिक द्रवाची बाटली बसत नाही. ती कोणी सहजासहजी ओतून देणार नाही.

चौथी, वीज. निर्वात पंप तासन् तास चालतात. थर जितका जाड, तितका वेळ आणि तितके बिल.

नेरूळच्या हवेला फायदा होईल का?

लगेच नाही, आणि सगळ्या बाबतींत तर कधीच नाही. ठाणे-बेलापूर पट्टा १९६०च्या दशकात उभा राहिला तो मोठ्या प्रमाणावरच्या रसायनांच्या आणि पॉलिमरच्या उत्पादनावर. पिशव्या, पाइप, डबे यांचे प्लास्टिक वितळवूनच बनते आणि तसेच बनत राहील. रंगाचा डबा आणि चिकटद्रव्याची बादली यांची जागाही निर्वात पेटी घेणार नाही, कारण भिंत पेटीत घालता येत नाही. तिथला पर्याय पाण्यावर आधारित रंगांचा आहे आणि घरांच्या भिंतींपुरता तो बऱ्याच अंशी आलाही आहे.

वाफेचे तंत्र जिथे शिरू शकते ती जागा वेगळी आहे. वैद्यकीय उपकरणे, औषधांचे कण, इलेक्ट्रॉनिक भाग, खास गाळण्या. पट्ट्यातला जमिनीचा वापर गेल्या दोन दशकांत झपाट्याने बदलला. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी आयटी पार्क आणि डेटा सेंटर उभी राहिली. एका खोलीत मावणाऱ्या बंद पेट्या, किलोऐवजी ग्रॅममध्ये मोजला जाणारा कच्चा माल आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ, असा उद्योग या नव्या रचनेत बसण्यासारखा आहे. त्यासाठी लागणारी रसायनशास्त्राची आणि पॅकेजिंगची मुले इथल्याच महाविद्यालयांतून बाहेर पडतात.

तोवर रात्रीच्या वासावरचा उपाय जुनाच आहे. बाहेर पडणाऱ्या हवेतला सॉल्व्हेंट सक्रिय कोळशावर धरणे किंवा थंड करून पुन्हा द्रवरूपात आणणे. हे तंत्र दशकानुदशके उपलब्ध आहे, त्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही. पकडलेला सॉल्व्हेंट पुन्हा वापरता येत असल्याने खर्चाचा काही भाग भरूनही निघतो. वास आला तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करताना वेळ, वाऱ्याची दिशा आणि वासाचे वर्णन (थिनरसारखा, कुजका, तिखट) नोंदवलेले असेल तर शोध घेणे सोपे जाते. ‘खूप वास येतोय’ एवढ्यावरून स्रोतापर्यंत पोहोचणे कठीण असते.